चिलापी, मरळ आणि हॅपीचे कॉन्फ्लिक्ट

१ जून, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून असावी. पुढे लोक विचारतात, हे सुचलं कसं, आणि तेव्हा माणसाला नेमकं आठवत नाही.

सुचलं असं. दुपारी उत्कर्षाचा भाऊ सौरभ भिगवणहून बारामतीला आमच्याकडे आला. हायवेला त्याची मासळीची खानावळ आहे, शिवाय घरपोच मासेही पाठवतो. येताना चिलापी घेऊन आला. जेवताना म्हणाला, "दाजी, ऑर्डरी आता सगळ्या व्हॉट्सॲपवर येत्यात. वाचून वाचून डोळं दुखत्यात. तुमी कॉम्प्युटरमधलं माणूस. बघा काय जमतंय का."

उत्कर्षा खाली मान घालून काटे काढत होती. तिला नवऱ्याचा अभिमान वाटत असणार. ती तसं दाखवत नाही.

सध्या मी मोकळा आहे. पुण्यातल्या कंपनीने मार्चमध्ये आमची अख्खी टीम बंद केली. मी राजीनामा देणारच होतो. त्यांना आधी सुचलं, एवढंच.

२ जून, सोमवार

सौरभचा फोन. म्हणाला, एक्सेलमध्ये केलं तरी चालेल. मी हसलो. तोही हसला. दोघांची कारणं वेगळी होती असं वाटतं.

मूळ प्रश्न असा. गिऱ्हाईक आपल्या भाषेत वाक्य लिहितं. वाक्य म्हटलं की व्याकरण आलं. आणि व्याकरण आलं की पार्सर पाहिजे. पार्सर म्हणजे वाक्याचे तुकडे करून कुठला शब्द कुणाला लागतो ते ठरवणारा प्रोग्राम. तो हाताने लिहिणं म्हणजे मजुरी. त्यासाठी हॅपी नावाचं टूल आहे. एका फाइलमध्ये व्याकरणाचे नियम लिहायचे, टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं. अख्खा पार्सर तयार. फक्त तो हॅस्केल नावाच्या भाषेत तयार होतो.

हॅस्केल मला येत नाही. अजून. फंक्शनल भाषा आहे, गणिताच्या अंगाने जाते. गणितात मी कधी नापास झालेलो नाही.

संकल्प: पहाटे उठणे. आठवड्यात हॅस्केल संपवणे. पुढच्या रविवारी भिगवणमध्ये सिस्टीम सुरू.

३ जून, मंगळवार

उशिरा उठलो. उत्कर्षा डेअरीच्या लॅबमध्ये आहे, पहाटेच निघते. तिच्या आवराआवरीने माझी झोप मोडते, म्हणून मग पुन्हा झोपावं लागतं. तिला बोललो नाही. घरात वाद नकोत.

हॅस्केल उतरवून घ्यायला लावलं. दुपारी लाइट गेली.

८ जून, रविवार

हाच तो पुढचा रविवार. सिस्टीम सुरू झालेली नाही. पण पाया पक्का होतोय. घाईत बांधलेली घरं पडतात.

हॅस्केलमध्ये एकदा ठेवलेली किंमत बदलता येत नाही. हे मला माझ्या स्वभावासारखं वाटलं.

११ जून, बुधवार

हॅपी चाललं!

टर्मिनलमध्ये ओळ टाइप केली, एंटर मारलं, काहीच आलं नाही. काहीच न येणं म्हणजे यश, असं या टूलचं आहे. मग पार्सरला "दोन किलो चिलापी" हे वाक्य दिलं. त्याने उत्तर दिलं: दोन, किलो, चिलापी.

उत्कर्षाला हाक मारली. ती कणकेच्या हातांनी आली, स्क्रीन बघितली, म्हणाली, "वर पण तेच लिहिलंय ना?"

तिला मुद्दा कळायला वेळ लागेल.

१२ जून, गुरुवार

पुण्याच्या मित्राला फोनवर सांगत होतो की हॅपीने मला वेड लावलंय, दिवसभर तिच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. उत्कर्षाने स्वयंपाकघरातून विचारलं, ही कोण हॅपी?

यापुढे हॅपीचा उल्लेख फक्त नपुंसकलिंगी करणे.

१५ जून, रविवार

मोटरसायकलवर भिगवण. प्रत्यक्ष पाहणी.

सौरभची पद्धत फारच अशास्त्रीय आहे. गल्ल्यावर बसतो, फोन हातात, मेसेज वाचतो आणि आतल्या बाजूला ओरडतो, "गोजरबाई, काटेवाडीचं चार किलो, बारीक तुकडं!" मागे मोठ्या विळीवर गोजरबाई बसतात. वीस वर्षं मासे कापतायत. त्या "व्हय" म्हणतात. संपलं. कुठे नोंद नाही, कशाचा पुरावा नाही. विचारलं, यात चुका किती होतात? सौरभने बराच विचार केला आणि म्हणाला, "व्हत असतील की."

म्हणजे चुका मोजल्याच जात नाहीत. माझ्या सिस्टीममध्ये त्या मोजल्या जातील.

सौरभचे वडील, म्हणजे माझे सासरे सावळाराममामा, बाहेर बाजेवर बसलेले असतात. म्हणाले, "पाव्हणं, ह्यो हॅपी काय करणार म्हणं?" मी म्हणालो, मामा, लोकांना काय पाहिजे ते मशीन ओळखणार. मामा म्हणाले, "आमाला घरातल्यांचं वळखंना अजून." आणि तंबाखू मळायला लागले.

नमुन्यासाठी जुने मेसेज लिहून आणले. लोक स्वल्पविराम वापरत नाहीत. पूर्णविराम तर कुणीच नाही. एकाने ऑर्डर म्हणून नुसता माशाचा फोटो पाठवलाय. एकाने लिहिलंय, "नेहमीचं". सौरभला विचारलं, याचं नेहमीचं म्हणजे काय? म्हणाला, "ते रागात असलं की मरळ, न्हायतर रोहू."

याला व्याकरण म्हणत नाहीत.

१८ जून, बुधवार

आज एक मूलभूत निर्णय घेतला. "नको" या शब्दाचा.

लोक हा शब्द वाटेल तिथे टाकतात. "भाकरी नको चपाती." "तिखट नको." मशीनला एकच नियम पाहिजे. नको आधी की नंतर? सगळ्या चांगल्या प्रोग्रामिंग भाषांमध्ये नकार आधी येतो आणि मग ज्याला नाकारायचं ते. हॅस्केलमध्येही तसंच. म्हणून माझ्या व्याकरणातही नको आधी. जो शब्द त्याच्या पुढे येईल तो बाद.

वाक्याच्या शेवटी नुसताच नको आला तर पुढे काहीच नाही, म्हणजे बाद करायला काही नाही. तो नको सोडून द्यायचा.

साधं, स्वच्छ.

२३ जून, सोमवार

हॅपीने आज पहिल्यांदा तोंड उघडलं. पार्सर तयार केला, पण शेवटी एक ओळ छापली: नऊ शिफ्ट/रिड्यूस कॉन्फ्लिक्ट.

याचा अर्थ, माझ्या व्याकरणात नऊ जागा अशा आहेत की वाक्याचे दोन अर्थ निघू शकतात आणि कुठला घ्यायचा हे मी सांगितलेलं नाही. पण ही नुसती सूचना आहे, एरर नाही. अशा जागी हॅपी स्वतःच एक अर्थ निवडतं आणि पुढे जातं. निवडतं म्हणजे समोर आलेला शब्द नुकत्याच आलेल्या जवळच्या गोष्टीला चिकटवून टाकतं.

टूलवर विश्वास पाहिजे. पुण्यात आमचा मॅनेजर प्रत्येक सूचना वाचायला लावायचा. टीम बंद पडली ती उगाच नाही.

२८ जून, शनिवार

गिऱ्हाइकांनाही शिस्त लावायला हवी. सौरभच्या ग्रुपवर मेसेज लेखनाचे नियम टाकले. आकडा, मग माप, मग मासा, मग त्याचं काय करायचं. शेवटी पूर्णविराम. शुद्धलेखनाचा एक परिच्छेद स्वतंत्र.

प्रतिसाद: बरेच अंगठे. एक गुलाबाचं चित्र, त्यावर शुभ सकाळ. इंदापूरच्या एका माणसाने विचारलं, वाम आहे का. पूर्णविराम नव्हता.

२ जुलै, बुधवार

उत्कर्षा म्हणाली, तुमची तब्येत आता बरी दिसते. मार्चपासून जेवतच नव्हता नीट.

हा हॅस्केलचा परिणाम असावा. फंक्शनल भाषा माणसाला शांत करतात असं कुठेतरी वाचलेलं.

९ जुलै, बुधवार

कॉन्फ्लिक्ट एकतीस. प्रत्येक नवा मासा जोडला की वाढतात. फ्राय आणि रस्सा जोडला तेव्हा एकदम उडी मारली.

हॅपीला एक जादाचा पर्याय दिला तर ते सगळा तपशील वेगळ्या फाइलमध्ये लिहून देतं, कुठे काय अडलं ते. दिला. फाइल आली. फारच मोठी. उघडली. खाली सरकवत गेलो. बंद केली.

संध्याकाळी उत्कर्षाने विचारलं, कॉन्फ्लिक्ट म्हणजे नक्की काय? तिला उदाहरण दिलं. समजा कुणी लिहिलं, "दोन किलो चिलापी आणि एक किलो मरळ साफ करून." आता "साफ करून" कुणासाठी? दोन्हींसाठी की फक्त मरळीसाठी?

ती म्हणाली, "दोन्ही. अर्धे मासे साफ करून आणि अर्धे खवल्यांसकट कोण मागवेल?"

मी म्हणालो, ते तुला कळतं, कारण तू मासे धुतेस. व्याकरण मासे धुत नाही.

ती म्हणाली, मग त्याला कसं कळणार? मी म्हणालो, ते जवळचं निवडतं. तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "दादाला दाखवलंय ना हे?"

सौरभला तांत्रिक गोष्टींत ओढण्यात अर्थ नाही.

१४ जुलै, सोमवार

पूर्ण चाचणी. वीस वाक्यं दिली, वीसच्या वीस बरोबर. वाक्यं मीच तयार केली होती, नियमावलीप्रमाणे. पूर्णविरामासकट.

सिस्टीम आता पूर्ण स्वयंचलित आहे. ग्रुपवर मेसेज आला की फक्त मी तो कॉपी करायचा, फक्त मी टर्मिनलमध्ये चिकटवायचा, मग चिठ्ठी आपोआप छापून येते. छापलेली चिठ्ठी फक्त मी आत नेऊन द्यायची.

१७ जुलै, गुरुवार

सौरभला सांगितलं, रविवारी सुरू करू. तो म्हणाला, "दाजी, ह्यो आखाडातला शेवटचा रविवार. पुढच्या शुक्रवारी श्रावण लागतोय. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी. श्रावण झाल्यावर निवांत करू की."

मी म्हणालो, सौरभराव, गर्दी आहे म्हणूनच. निवांत दिवशी कुणीही चालवेल.

त्याने आत कुणाला तरी दोन किलो मरळ सांगितली. मग म्हणाला, "बरं. तुमी म्हणताय तर."

निर्णयक्षमता हळूहळू येते माणसाला.

२० जुलै, रविवार. सकाळ

खानावळीत लॅपटॉप मांडला. गल्ल्याशेजारी टेबल, त्यावर छापायचं यंत्र. मामांनी नारळ फोडला. सौरभने स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. मेसेज येतायत. एकामागून एक. कॉपी, पेस्ट, एंटर, चिठ्ठी. अडखळणं नाही, ओरडणं नाही. इतकी शांतता या खानावळीत कधीच नव्हती.

आज संध्याकाळी इथे लिहायला शब्द पुरणार नाहीत.

तोच दिवस. दुपार

गोजरबाई खूश आहेत. चिठ्ठी हातात घेऊन स्वतः बाहेर आल्या. "दादा, बारामतीच्या बाईंची सा किलो चिलापी साफ न्हाय करायची? निस्ती मरळच करायची?" चिठ्ठी बघितली. तसंच होतं. म्हणालो, चिठ्ठीत आहे तेच करायचं. म्हणाल्या, "लई ब्येस. सगळ्या चिठ्ठ्या अशाच हायत्या. निम्मं काम कमी झालं बघा. हे मिशीन असंच राहू द्या."

वापरणाऱ्याचा पहिला अभिप्राय. नोंद केली.

तोच दिवस. दुपार, थोड्या वेळाने

बाहेरच्या टेबलावर इंदापूरची मंडळी भांडतायत. त्यांनी "बारा थाळी भाकरी नको चपाती" असं पाठवलं होतं. बारा ताटांत भाकरी गेली. चपाती एकही नाही. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या आजोबांना दात नाहीत. त्यांनी भाकरी वर धरून सौरभला विचारलं, "हिचं मी काय करू?"

सौरभने माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे.

तोच दिवस. संध्याकाळ

थोडक्यात लिहितो.

काटेवाडीच्या एका घरी रस्सा नको म्हटलं होतं, लहान बाळ आहे, तिखट नको म्हणून. शेवटी आलेला नको मी सोडून द्यायचा ठरवलेला असल्यामुळे त्यांच्याकडे रस्साच गेला. भरपूर, आणि तिखट. कोऱ्हाळ्याच्या महिपतराव पाटलांनी लिहिलं होतं, "सोमवारी नको रविवारी पाठवा." त्यांच्या घरी सोमवार पाळतात. सिस्टीमने त्यांचे मासे सोमवारी पाठवायचे ठरवले. त्यांच्याकडे आज पंधरा पाहुणे पानं मांडून बसले होते. पाटलांचा फोन आला तेव्हा सौरभचा फोन माझ्याच हातात होता. सौरभ समजून ते माझ्याशी बोलले. मी सौरभ नाही हे सांगायचा मला धीर झाला नाही.

आणि बारामती, इंदापूर धरून बहुतेक सगळ्या घरी निम्मे मासे खवल्यांसकट पोचले.

सौरभने गल्ला मामांकडे दिला, पिकअप काढली, मागे गोजरबाई, त्यांची विळी, दोन बादल्या आणि मी. ज्यांचे फोन आले त्यांच्या दारात जायचं आणि तिथेच साफ करून द्यायचे. काटेवाडी, मग बारामती. गोजरबाई दारात बसून कापतात, मी बादली धरतो, सौरभ हात जोडतो. वाटेत गोजरबाई फक्त एवढं म्हणाल्या, "मिशीन काढून टाका बाबा आता."

शेवटचं घर बारामतीतलं. भिगवण रस्त्याच्या एका सोसायटीत. सहा किलो चिलापी. पार्किंगमध्ये बसलो. ज्यांची ऑर्डर त्या राजेश्वरी मॅडम खाली आल्या. वर पाहुणे होते, आवाज येत होते. सौरभ सांगायला लागला की बाई, चूक झाली, कॉम्प्युटरनं केलं. त्यांनी विचारलं, कॉम्प्युटरने म्हणजे? मग मी सांगितलं. मी न सांगता गप्प बसलो असतो तर चाललं असतं, पण कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं.

म्हणाल्या, "पार्सर कशात केला?"

"हॅस्केलमध्ये. हॅपी वापरून."

"मग 'साफ करून'ला शिफ्ट/रिड्यूस कॉन्फ्लिक्ट आला असेल."

माझ्या हातातली बादली तिरपी झाली. पाणी सौरभच्या चपलेवर गेलं.

"आला होता."

"आणि?"

"हॅपीने जवळचं घेतलं."

"ते घेणारच. तुम्ही काय केलं?"

मी म्हणालो, सूचना होती, एरर नव्हती.

"एकूण किती होते?"

"बेचाळीस."

मॅडम जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गोजरबाईंनी घाबरून विळी बाजूला ठेवली. शेवटी मॅडम म्हणाल्या, "मी इंजिनिअरिंग कॉलेजला कंपायलर, पार्सर हेच शिकवते. दर वर्षी मुलांना हे समजावून समजावून थकते. गुरुवारी येता का कॉलेजला?"

हो म्हणालो. परतताना सौरभला सांगितलं, बघा, जाणकार माणसाला लगेच कळलं. सौरभ गाडी चालवत होता. म्हणाला, "व्हय दाजी. तुमी दमला असाल. काचंला टेकून झोपा थोडं."

२१ जुलै, सोमवार

काल काय चुकलं याचं विश्लेषण. मूळ दोष गिऱ्हाइकांचा. नियमावली कुणीही वाचली नव्हती. दुय्यम दोष मराठीचा. तिच्यात नको नंतर येतो हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, ते आपलं सगळ्यांना माहीत असतं.

मलाही माहीत होतं, म्हणजे बोलताना.

उपाय: दुसरी आवृत्ती. उद्या भिगवणला जाऊन सौरभला आराखडा समजावणे.

२२ जुलै, मंगळवार

भिगवणला गेलो. सौरभ धरणाकडे गेला होता, मासे आणायला. बाजेवर मामा एकटेच. मी त्यांच्यासमोर आराखडा उघडला आणि म्हणालो, सौरभरावांना सांगा, श्रावणात सगळे कॉन्फ्लिक्ट काढून टाकतो. भाद्रपदात नवी सिस्टीम.

मामांनी कागद बघितला नाही. माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "पाव्हणं, आता बास करा. त्याला न्हाय गरज. त्याला अर्ध्या तालुक्याच्या ऑर्डरी तोंडपाठ हायत्या."

मी म्हणालो, पण त्यांनीच मागितलं होतं. डोळे दुखतात म्हणाले होते.

"डोळं कशाचं दुखत्यात त्याचं. उत्कर्षानं फोन केलता. रडत होती. म्हणली, दादा, ह्यास्नी कायतरी काम लाव. जेवत न्हाईत, बोलत न्हाईत, दिवसभर भिंतीकडं बघत बसत्यात. सौरभ म्हणला, लावतो. म्हणून आला व्हता मासं घेऊन." मग म्हणाले, "तुमास्नी सांगू नगा म्हणलं व्हतं मला. पर तुमी आता भाद्रपदाचं काढलं."

मी म्हणालो, मला माहीतच होतं.

माहीत नव्हतं.

रविवारी त्याने मला फोन दिला. स्वतःचा फोन, आखाडातल्या शेवटच्या रविवारी. त्याला ठाऊक होतं काय होणार. निदान अंदाज असणार. "तुमी म्हणताय तर" म्हणाला आणि दिला.

मामांनी चहा मागवला. दोघं हायवेकडे बघत बसलो. ट्रक जात होते. सौरभ यायच्या आत निघालो.

२३ जुलै, बुधवार

पहाटे जाग आली ती उत्कर्षाच्या आवराआवरीने. यावेळी पुन्हा झोपलो नाही. चहा केला. साखर राहिली. तिने तसाच प्यायला. मी विचारलं, डबा भरू का? ती दारात थांबली, मला नीट बघितलं, म्हणाली, "बरं वाटत नाही का?"

म्हणालो, बरं वाटतंय.

तिला सांगायचं होतं की मामांनी सांगितलं. तोंडाशी आलं होतं. मग लक्षात आलं, मी सांगितलं तर तिला कळणार की मला कळलं, मग तिला वाईट वाटणार, मग ती सौरभला बोलणार, मग सौरभ मामांना. सगळं घर एकमेकांशी बोलायला लागणार. बस चुकेल तिची.

डबा भरला. लोणचं घातलं. तिला कैरीचं आवडतं की लिंबाचं हे आठवेना, म्हणून दोन्ही.

दिवसभर लॅपटॉप उघडला नाही.

२४ जुलै, गुरुवार

इस्त्रीचा शर्ट. जुन्या कंपनीत सादरीकरणाला घालायचो तो. जरा सैल झालाय.

रिक्षात बसल्या बसल्या तयारी केली. मॅडम पद काय देतील ते सांगता येत नाही. सल्लागार असेल, किंवा थेट विषयाचा प्राध्यापक. घाई करायची नाही. आपली गरज दाखवायची नाही. दोन-तीन अटी ठेवायच्या. शेवटी, विचार करून कळवतो, असं म्हणून उठायचं. उठताना खुर्ची मागे सरकवायची नाही, आवाज होतो.

मॅडमनी आधी वर्गात नेलं. तिसऱ्या वर्षाची मुलं. मला फळ्यासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "रविवारी मला सांगितलं तसंच सांगा यांना. काही गाळू नका." मी अनुभवी तज्ज्ञ म्हणून सुरुवात केली. बारा थाळ्यांपर्यंत आलो तेव्हा मागचा बाक हसायला लागला. सोमवारच्या माशांपर्यंत सगळा वर्ग. एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "सर, हॅपीने बेचाळीस वेळा सांगितलं, मग तुम्ही थांबला का नाही?"

म्हणालो, "थांबलो असतो तर घरीच बसावं लागलं असतं."

यावर कुणी हसलं नाही. मॅडम वहीत काहीतरी बघायला लागल्या.

मग लॅब दाखवली. कॉम्प्युटरच्या रांगा, निम्म्यांवर धूळ. मॅडम म्हणाल्या, प्राध्यापकाची जागा नाही. लॅब असिस्टंटची आहे, तीही तात्पुरती. सकाळी मशीन सुरू करायची, सॉफ्टवेअर टाकायचं, मुलं अडली की शेजारी जाऊन उभं राहायचं. "तुमच्या अनुभवाला कमीच आहे. घरी बोला, विचार करा, पुढच्या आठवड्यात सांगितलं तरी चालेल."

मी म्हणालो, "उद्यापासून येऊ का?"

मॅडम म्हणाल्या, उद्या कॉलेजला सुट्टी आहे.